फ्रंट लोड वॉशिंग मशीन ‘आपल्याकडे चालत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

केदार_बावधन
काल इथे एका ताईंनी लिहिलं: ‘फ्रंट लोड ही थंड देशांची वस्तू. आमच्या मशीनच्या रबराला बुरशी, कपड्यांना कुबट वास, आणि आता पिळताना रुळावरून गाडी गेल्यासारखा खडखडाट. पस्तावायचं नसेल तर टॉप लोडच घ्या.’ खाली ‘अगदी अगदी’ म्हणणाऱ्यांची रांग. डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

ताई, तुम्ही कुठला प्रोग्राम लावता ते लिहिलंच नाही. बहुतेक घरांत रोज अर्ध्या तासाचा क्विक वॉश चालतो, तोही थंड पाण्यात. त्यात झाकण भरून लिक्विड, वर वासासाठी कंडिशनर. हे सगळं धुऊन निघत नाही. आपल्याला दिसतो तो स्टीलचा ड्रम. त्याच्या बाहेर प्लास्टिकचा टब असतो, आणि त्या दोघांच्या मधल्या जागेत साबण, कंडिशनरचा मेणचटपणा आणि अंगाचं तेल यांचा राखाडी चिखल साठतो. बुरशी त्याच्यावर जगते. वास तिथून येतो, रबर नुसतं पुसून जाणार कसा?

खडखडाटाचं मूळही बऱ्याचदा तिथेच सापडतं. ड्रमच्या पाठीला त्याला धरून ठेवणारा तीन पायांचा सांगाडा असतो, त्याला स्पायडर म्हणतात. तो ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, ड्रम स्टेनलेस स्टीलचा. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले, वरून ओला अल्कधर्मी चिखल. ॲल्युमिनियम पोखरत जातं आणि एक दिवस पाय तुटतो. घरी तपासता येतं. मशीन रिकामं आणि बंद असताना ड्रमची वरची कड धरून वर-खाली हलवा. स्प्रिंगवर सगळा टब एकत्र डुलला तर ठीक. टब जागेवर आणि ड्रम एकटाच खुळखुळला, तर बेअरिंग किंवा स्पायडर गेला.

यात हवामानाचा काय दोष? महिन्यातून एकदा रिकामं मशीन ६० अंशांवर किंवा त्याहून वर चालवा. धुणं झालं की दार किलकिलं ठेवा, साबणाचा खण बाहेर ओढा. रबराची खालची घडी बोटाने उलटून आतले केस आणि गाळ काढा. आणि खाली कोपऱ्यातलं झाकण उघडून पंपाचा फिल्टर साफ करा. आधी परात लावा, शेजारची बारीक नळी असेल तर तिच्यातून पाणी काढा, मगच फिल्टर फिरवा. नाणी, सेफ्टी पिना, ब्लाउजचे हूक, सगळं तिथे मिळेल. ‘पाणी जात नाही’ म्हणून माणूस बोलावण्याआधी एवढं करून बघा.

शेवटचं. दर तीन महिन्यांनी क्षार काढायची डिस्केलिंग पावडर माथी मारतात, ती थंड पाण्यात धुणाऱ्याला कशाला? क्षार मुख्यतः पाणी तापल्यावर हीटरवर बसतात. तुम्ही हीटर वापरतच नसाल तर तुमची अडचण चिखलाची आहे, क्षारांची नाही.

सुमेधा_रत्नागिरी
असहमत. एवढे उपद्व्याप करायचे तर बायकांनी टॉप लोड घेतलं तर काय चुकलं? आमच्याकडे पाणी गोडं आहे, क्षार नाहीत, तरी जुलैत रबर काळं पडतंच. दार उघडं ठेवा म्हणता. घरात रांगतं मूल आहे. आमच्या मशीनचा चाइल्ड लॉक फक्त बटणं बंद करतो, दार नाही. मूल आत डोकावलं तर?

केदार_बावधन
मुलाचा मुद्दा मान्य. अशा घरात दार बंदच हवं. पण मग धुतल्यावर रबर आणि काच कोरड्या फडक्याने पुसाच. आणि पाणी गोडं असेल तर साबण निम्मा करा, फेस उरतो तो त्याचाच.

मंदार_ठाणे
मूळ कारण कुणीच लिहीत नाही. मशीन लावतं कोण? आमच्या कामवाल्या बाई डबा उघडतात आणि मूठ भरून पावडर टाकतात. कितीही सांगा.

अश्विनी_डी
मंदार, तुमच्या मशीनचं खापर मावशींवर फोडू नका. मापाचा चमचा डब्यात ठेवलात का कधी? किती कपड्यांना किती पावडर, हे मराठीत लिहून मशीनवर चिकटवलंत का? पॅनेलवर सगळं इंग्रजीत. त्या अंदाजाने टाकणार नाहीत तर काय करणार? माझ्या आईने आयुष्यभर लोकांच्या घरी धुणी धुतली. ‘बाईने बिघडवलं’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय.

मंदार_ठाणे
चमचा ठेवतो. पण अंगावर यायची गरज नव्हती.

वाघोलीचा_रहिवासी
केदार, तुमच्या बावधनला कॉर्पोरेशनचं पाणी येत असेल, म्हणून क्षार किरकोळ वाटतात. वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत आली, पण आमची सोसायटी अजून बोअर आणि टँकरवरच आहे. बसाल्टच्या भेगांतलं पाणी, बादलीच्या कडेलाही पांढरा थर धरतं. थंड पाण्यात धुतो, तरी काचेवर, रबरावर पाणी वाळलं की क्षार उरतातच. टँकरची बारीक वाळू नळीच्या तोंडाच्या जाळीत अडकते आणि मशीन पाणी नाही म्हणून अडून बसतं. नळ बंद करून नळी सोडवायची आणि जाळी पक्कडीने ओढून जुन्या ब्रशने घासायची, हे आमच्याकडे नेहमीचंच.

खरा संताप पुढे आहे. सर्व्हिसवाला येतो, टीडीएस मीटर बुडवतो, मोठा आकडा दाखवतो आणि नळीला लावायचा ‘सॉफ्टनर’ विकतो. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळंच, साधं मीठसुद्धा. कठीणपणा म्हणजे त्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा भाग. त्या फिल्टरमध्ये बहुधा पॉलिफॉस्फेटचे गोळे असतात. ते क्षार घट्ट बसू देत नाहीत, पण पाण्यातून काढतही नाहीत. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत. टँकरवाल्याकडे हा आकडा कुणी मागितलाय का?

घरी अंदाज घ्यायचा तर दोन बाटल्या घ्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत आरओचं. दोन्हींत आंघोळीच्या साबणाचा सारखाच कीस टाकून हलवा. नळाच्या बाटलीत फेसाऐवजी दह्यासारखे कण तरंगले की समजा. डिटर्जंट टाकू नका, ते कठीण पाण्यातही फेसतं.

पराग_म्युनिक
इथलंही पाणी कठीण आहे. पण साबणाच्या खोक्यावरच छापलेलं असतं: मऊ पाण्याला इतकं, मध्यम पाण्याला इतकं, कठीण पाण्याला इतकं. टॉवेल, चादरी ६० वर धुणारी घरं भरपूर आहेत. आपल्याकडच्या पाकिटांवर अशी तीन मापं का नसावीत?

वाघोलीचा_रहिवासी
परागदादा, इथे बिल्डरने जाहिरातीत छापलेलं पाणी मिळत नाही, पाकिटावरच्या मापाचं काय घेऊन बसलात? आमच्या मीटिंगमध्ये अख्ख्या सोसायटीचं पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनर प्लांटचा विषय निघाला की भाड्याने राहणारे म्हणतात मालकाने द्यावं, मालक म्हणतात बिल्डरने द्यावं.

अश्विनी_डी
आमच्याकडे प्लांट बसला, पण त्यातल्या रेझिनला (कठीणपणा पकडणाऱ्या दाण्यांना) मीठ घालायचं काम कुणाचं यावरून भांडण. मीठ संपलं की प्लांट असून नसल्यासारखा. आणि चालू असतो तेव्हा लोक साबण पूर्वीइतकाच टाकतात. मऊ पाण्यात फेस भडकतो, मशीन पुन्हा पुन्हा खळबळत बसतं.

केदार_बावधन
विषय मशीनचा होता. तरी, वाघोलीकर, टँकरच्या पाण्याला सायट्रिक ॲसिड लागेल, हे लिहायला हवं होतं, इतपत मान्य. कंपनीची महाग पावडर मात्र अजूनही नको. तिच्यात बहुतेक वेळा तेच असतं. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, साधारण १०० ग्रॅम, रिकाम्या ड्रममध्ये, ६० अंशांवर.

रसायन_निवृत्त
केदार, सल्ला अर्धवट देऊ नका. त्याच दिवशी कुणी बुरशीसाठी ब्लीच ओतलं तर आम्ल आणि ब्लीच मिळून क्लोरीन वायू सुटतो. बंद बाल्कनीत तो जिवावर बेतू शकतो. ब्लीच वेगळ्या दिवशी, आणि मधे साध्या पाण्याची एक फेरी. हे ठळक अक्षरांत हवं.

केदार_बावधन
बरोबर आहे काका. वरची सूचना सगळ्यांनी वाचा.

नीलिमा_एस (कालची पोस्ट माझीच)
सगळं वाचलं. ड्रम हलवून पाहिला, एकटाच खुळखुळतो. माणूस म्हणाला, स्पायडर आणि बेअरिंग, पण या मॉडेलचा टब सीलबंद असल्याने अख्खा टबच बदलावा लागेल. क्विक वॉश आणि कंडिशनर, दोन्ही रोजचे होते. चिखलाचं तुमचं म्हणणं खरं धरते. पण जो भाग चिखलात सडणार हे माहीत आहे, तो त्या धातूचा करायचा आणि टब उघडता न येईल असा चिकटवायचा, हा माझा दोष नाही. नवीन मशीन टॉप लोडच घेणार.

केदार_बावधन
सीलबंद टबाबद्दल तुमच्याशी भांडण नाही. तो राग माझाही आहे. टॉप लोडच्या ड्रमबाहेरही हाच चिखल साठतो, तेवढं लक्षात ठेवा.

वाघोलीचा_रहिवासी
रविवारी आमची मीटिंग आहे. कुणाच्या सोसायटीत सॉफ्टनर प्लांट नीट चालतोय का? मिठाचा महिन्याचा खर्च आणि देखभालीचा करार कसा केलाय, ते इथेच लिहा.