मदत हवी आहे: डेव्हिडसनमध्ये गाडीशिवाय सुट्ट्या कशा काढायच्या?

नमस्कार मंडळी. नॉर्थ कॅरोलिनातल्या डेव्हिडसन कॉलेजची (स्थापना १८३७, जेमतेम दोन हजार विद्यार्थी) माहिती असलेल्यांना विचारतोय. भाची ऑगस्टमध्ये एफ-१ व्हिसावर (अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा) तिथे शिकायला जाणार आहे.

गाव शार्लटच्या उत्तरेला साधारण ३२ किलोमीटरवर, लेक नॉर्मनच्या काठी. २०१० ला वस्ती अकरा हजारांच्या आत होती, २०२० ला पंधरा हजारांवर गेली. शार्लटला नोकरी करणारी कुटुंबं इथे येऊन राहतात, म्हणजे भाडी विद्यार्थ्याच्या आवाक्यातली असतील असं वाटत नाही. सत्रात बहुतेक मुलं कॉलेजच्या आवारातच राहतात, तेव्हा ती चिंता नाही. खरा प्रश्न हिवाळी आणि उन्हाळी सुट्टीचा. परदेशी मुलांना तेव्हा वसतिगृहात राहू देतात का? वेगळे पैसे पडतात का? मेस बंद असेल तर स्वयंपाकघर मिळतं का? ती शाकाहारी आहे, अंडंही खात नाही.

एफ-१ वर सत्र चालू असताना आवारात आठवड्याला २० तासच काम करता येतं आणि पहिलं वर्ष बाहेर नोकरी चालत नाही. त्यामुळे रोज टॅक्सी परवडणार नाही. आय-७७ महामार्गावर संध्याकाळी कोंडी होते, तर विमानतळावर जायला किती वेळ हाताशी ठेवावा? शनिवार-रविवारी शार्लटची बस मिळते का?

आणखी एक, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. तिला अर्थशास्त्र घ्यायचंय. ओपीटी (शिक्षणानंतर त्याच विषयात काम करायची परवानगी) १२ महिन्यांची, पुढचे २४ महिने फक्त स्टेम विषयांना (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित). आय-२० वर (व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) तिथल्या अर्थशास्त्राचा कोड स्टेममधला येतो का? अलीकडे शिकून गेलेल्या कुणी स्वतःच्या आय-२० वर पाहिलं असेल तर कृपया नक्की सांगा.