व्हिडिओ गेममध्ये वास्तवता कुठे हवी आणि कुठे नको?

अर्धविराम

नव्या गेमची जाहिरात आली की पहिला दावा हमखास वास्तवतेचा असतो: कपाळावरचा घाम, बुटांना लागलेला चिखल, वाऱ्याने हलणारे केस. चित्राबद्दल माझी तक्रार नाही. माझा प्रश्न नियमांबद्दल आहे. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ (२०१८) मध्ये शिकार केलेल्या जनावराचे कातडे सोलण्याची क्रिया दर वेळी पाहावी लागते, ते घोड्यावर लादावे लागते, बंदूक वेळोवेळी तेल लावून साफ करावी लागते. त्याच वर्षी आलेल्या ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ मध्ये १४०३ सालच्या बोहेमियातला (आजच्या चेक प्रजासत्ताकातला प्रदेश) नायक सुरुवातीला निरक्षर असतो, आणि हवे तेव्हा गेम सेव्ह करायचा तर एक विशिष्ट मद्य जवळ असावे लागते. पहिल्यातला संथपणा मला जाचतो, दुसऱ्यातली गैरसोय मात्र हवीशी वाटते. दोन्हींचे समर्थन वास्तवतेच्याच नावाने केले जात असेल, तर माझ्या अनुभवात एवढा फरक का पडावा?

पायरी_पायरीने

आधी एक दुरुस्ती. मद्य पिऊन गेम सेव्ह होणे यात वास्तव काहीच नाही. तो खेळाडूला बेफिकिरीने वागू न देण्यासाठी केलेला उघड कृत्रिम नियम आहे. निरक्षरतेचे मात्र वेगळे आहे. त्या गेममध्ये पुस्तक उघडले की अक्षरे उलटसुलट झालेली दिसतात, आणि लेखनिकाकडे शिकून सराव वाढला की मजकूर हळूहळू वाचता येऊ लागतो. म्हणजे नायकाची अडचण केवळ सांगितली जात नाही, ती खेळणाऱ्याचीही होते, आणि शिकण्यात वेळ घालवायचा की नाही हे त्याला ठरवावे लागते. कातडे सोलण्यात पहिल्या काही वेळा जी किळस किंवा गांभीर्य असते ते पुढे उरत नाही, आणि ठरवण्यासारखे तर तेव्हा काहीच नसते.

माझ्या मते वास्तव जसेच्या तसे उतरवणे हे उद्दिष्टच नसते. कोणता भाग ठेवायचा ही निवड महत्त्वाची असते. अवकाशयाने बांधून उडवण्याचा ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ हा गेम माझे आवडते उदाहरण आहे. त्यातल्या कर्बिन ग्रहाची त्रिज्या अवघी ६०० किलोमीटर आहे, पृथ्वीची ६,३७१. तरीही पृष्ठभागावरचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीइतकेच ठेवले आहे, त्यामुळे त्या ग्रहाची घनता अशक्य कोटीतली होते. पृथ्वीजवळच्या कक्षेत टिकण्यासाठी सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर वेग लागतो, तिथे २.३ पुरतो. शिवाय यानावर एका वेळी एकाच गोलाची ओढ मोजली जाते. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने नाक मुरडावे अशा या सवलती आहेत. पण त्यांच्यामुळे कक्षेत पोहोचण्याचा वेळ आवाक्यात येतो, आणि जे शिकायचे ते शाबूत राहते: त्याच कक्षेत पुढे असलेल्या यानाला गाठायचे तर त्याच्या दिशेने वेग वाढवून भागत नाही, उलट वेग कमी करून खालच्या कक्षेत उतरावे लागते, कारण तिथली प्रदक्षिणा लवकर पूर्ण होते. हे सूत्र पाठ करण्यापेक्षा दोनचार याने भरकटवून फार पक्के कळते.

रात्रीचा_प्रवासी

ठरवण्यासारखे काही नसेल तर ते टाकाऊ, हा निकष मला फार कोरडा वाटतो. कातडे सोलण्याची क्रिया एका बटणावर उरकली असती, तर शिकार ही रानभाजी खुडण्याइतकी क्षुल्लक गोष्ट झाली असती. १८९९ सालच्या त्या जगात प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो, आणि तो वेळ खर्च झाल्यामुळेच नायकाचे शरीर जड, थकणारे, खरे वाटते. ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ कडेही असेच पाहावे लागेल. त्यातले अंतर शहराबाहेर साधारण १:१९ या प्रमाणात आकसलेले आहे, तरीही लांबच लांब महामार्गावर काहीही न घडण्यातच अनेकांना त्याचे सुख सापडते.

अतिरेक कुठे होतो हेही मान्य आहे. १९९५ साली तयार होऊनही तेव्हा बाजारात न आलेल्या ‘डेझर्ट बस’ मध्ये टूसॉन ते लास व्हेगास हा प्रवास खऱ्या वेळेत, म्हणजे आठ तास करावा लागतो. बस सतत उजवीकडे ओढ घेते, गेम मध्येच थांबवून ठेवण्याची सोय नाही आणि शेवटी मिळतो एक गुण. ती थट्टा होती, आणि थट्टा म्हणून उत्तम होती.

तिरकी_रेघ

खेळाडूला जे खरे वाटते ते पुष्कळदा मुद्दाम खोटे केलेले असते, हा मुद्दा राहून गेला. उड्या मारत डोंगर चढण्याच्या ‘सेलेस्ट’ या गेममध्ये कड्यावरून पाय सुटल्यानंतरही क्षणभर उडी मारता येते. ही सवलत नसती तर नियम काटेकोर झाला असता आणि खेळणाऱ्याला मात्र अन्याय झाल्यासारखे वाटले असते. ‘सिव्हिलायझेशन’ या गेमचे निर्माते सिड मायर यांनी २०१० च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये सांगितले होते की लढाईत तीनास एक अशी अनुकूल शक्यता दाखवली, की हरणारे खेळाडू गणितच चुकले असे म्हणत. वास्तविक चारात एकदा हरणे अपेक्षितच असते.

युद्धाच्या गेममध्ये तर हे आणखी खटकते. बंदुकीचा आवाज हुबेहूब असतो, आणि गोळी लागलेला सैनिक भिंतीआड काही सेकंद बसला की बरा होतो. त्याउलट बोस्नियातल्या साराजेव्होच्या वेढ्यावरून सुचलेल्या ‘धिस वॉर ऑफ माइन’ (२०१४) चे चित्र कोळशाने रेखाटल्यासारखे आहे, पण त्यात वृद्ध जोडप्याचे अन्न चोरले तर आपल्याच घरातली माणसे खचत जातात.

अर्धविराम

खुलाशाबद्दल आभारी आहे. रात्रीचा_प्रवासी, वेळ खर्च होण्याचा मुद्दा पटला, तरी पन्नासाव्या हरिणाचे कातडे सोलण्याबद्दल माझे मत कायम आहे. मग हा वाद पर्याय देऊन मिटेल का? ‘किंगडम कम’ च्या हार्डकोर मोडमध्ये, म्हणजे अधिक कठीण प्रकारात, नकाशावर आपण कुठे आहोत ते दिसत नाही आणि झटपट प्रवासही करता येत नाही. ज्याला हवे त्याने तो निवडावा.

पायरी_पायरीने

काही अंशी. नकाशावरची खूण काढून टाकायची असेल, तर रस्ता ओळखता येईल अशा खुणा परिसरात आधीपासून असाव्या लागतात: वेगळा दिसणारा मनोरा, ओढ्यावरचा पूल, दिशा सांगणारा गावकरी. त्या बोहेमियात अशा खुणा बऱ्याच आहेत, म्हणून तो मोड चालतो. ज्या गेमची प्रत्येक कामगिरी पडद्यावरच्या बाणाच्या भरवशावरच रचलेली असते, तिथे बाण काढून घेतला तर खेळाडू नुसता भटकत राहतो. हा निर्णय जग रचायला घेतानाच व्हावा लागतो. मेनूमधला पर्याय नंतर जोडून तो होत नाही.