बडोद्यातील मराठी मुले आणि तिसरी भाषा इंग्रजी

प्रश्न (पालक, दांडिया बाजार):
घरी मराठी आणि बाहेर गुजराती सहज बोलणारी आमची मुलगी महाविद्यालयात इंग्रजी बोलायची वेळ आली की गप्प बसते. व्हॉट्सॲपवर मात्र तीच इंग्रजी बिनदिक्कत लिहिते. याचा अर्थ काय लावावा?

उत्तर (भाषाशिक्षिका):
मराठी तिला आजीकडून मिळाली, गुजराती शेजारपाजारातून. इंग्रजी मात्र गुणपत्रिकेतून आली, आणि जी भाषा चुका मोजूनच शिकवली गेली ती चारचौघांत बोलताना जीभ अडखळणारच. वर्गात आधी मराठी-गुजरातीत चर्चा होऊ दिली आणि निष्कर्ष तेवढा इंग्रजीत मांडायला सांगितला, तर मुले मोकळी होतात, असा माझा अनुभव आहे. उच्चारांची दुरुस्ती नंतर, आणि तीही एकट्यात करावी.

उत्तर (विद्यार्थी):
इंग्रजीचे भय आम्हाला नाही, हसणाऱ्यांचे आहे.

उत्तर (निवृत्त ग्रंथपाल):
माझी चिंता वेगळीच आहे. १९५६ साली राज्यघटनेत आलेले ३५०-अ कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास सांगते; तरीही बहुतेक पालक (तक्रार करणारेसुद्धा) इंग्रजी शाळेच्या रांगेत उभे असतात, आणि मराठी केवळ बोलण्यापुरती उरते. मुलीला इंग्रजी येईलच. मराठी वाचता येते का, ते आधी पाहावे.