व्हरोआला पुरून उरणाऱ्या राण्या आपल्याच पेट्यांतून निवडता येतील का?

डाळिंबवाला, सांगोला

नमस्कार. माझ्याकडे मेलिफेरा (युरोपीय मधमाशी) माश्यांच्या ऐंशीच्या आसपास पेट्या आहेत. डाळिंबाच्या बहरात त्या परागीभवनासाठी बागायतदारांकडे भाड्याने जातात आणि हिवाळ्यात मोहरीसाठी राजस्थानात. व्हरोआ कोळ्यासाठी (मधमाश्यांवर आणि त्यांच्या पिल्लांवर जगणारा बारीक परजीवी) औषधी पट्ट्या नियमित लावतो, परंतु त्यांचा गुण वर्षागणिक कमी येत चालला आहे. दुसरीकडे काही मोजक्या पेट्या अशा आहेत, की शेजारच्या पेटीत कोळ्यांनी धुमाकूळ घातलेला असताना यांच्यात मात्र त्यांची संख्या फारशी वाढत नाही. अशा पेट्यांतील राण्यांपासून पुढची पैदास केली, तर औषधाविना टिकणारे वाण हाती लागेल का? एका जाणत्या मधपाळांचे मत असे, की औषध सरसकट बंद करावे, मरतील त्या वसाहती मरू द्याव्यात आणि उरतील त्यांवर पैदास धरावी. शिवाय आपल्या सातेरीला, म्हणजे इथल्या देशी मधमाशीला, या कोळ्याचा जाच होत नाही, तर तिच्याशी मेलिफेराचा संकर का करू नये, हेही कोणी सांगावे.

रानमध

संकराचा मुद्दा आधी निकालात काढतो. सातेरी आणि मेलिफेरा या दोन वेगळ्या प्रजाती आहेत. त्यांचे मीलन घडले, तरी त्या संयोगातील गर्भ अंड्यातच मरतात, त्यामुळे ती वाट बंद आहे. व्हरोआ मूळचा सातेरीचाच परजीवी आहे. सातेरीच्या पोळ्यात त्याचे प्रजनन जवळजवळ केवळ नरांच्या घरांत (पोळ्यातील ज्या खणांत नरांची पिल्ले वाढतात) होते, आणि नरांची पैदास हंगामापुरतीच असल्याने त्याच्या वाढीला आपोआप लगाम बसतो. मेलिफेरात मात्र तो कामकरी माश्यांच्या घरांतही वाढतो, आणि ही घरे तर जवळजवळ वर्षभर भरलेली असतात.

आता मूळ प्रश्न. निवडीने असे वाण तयार होते, हे सिद्ध झालेले आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बॅटन रूज येथील प्रयोगशाळेत जॉन हार्बो आणि जेफ्री हॅरिस यांना 1990 च्या दशकात अशा वसाहती आढळल्या, ज्यांच्या झाकलेल्या घरांतील बहुतेक कोळ्यांना पिल्लेच नव्हती. या माश्यांच्या कोषातच (झाकलेल्या घरात वाढणाऱ्या पिल्लातच) कोळ्याचे प्रजनन रोखणारे काही असावे, असा तेव्हा समज झाला. पुढे उलगडा झाला तो वेगळाच. ज्या घरात कोळ्याची वीण सुरू झाली आहे, नेमके तेच घर कामकरी माश्या हुंगून ओळखत होत्या आणि झाकण फोडून आतला कोष बाहेर काढत होत्या. मागे राहत होते ते वांझ कोळी, आणि मोजणाऱ्याला तेवढेच दिसत होते. मला ही हकीकत फार मोलाची वाटते, कारण निवड कशाची करायची हे तिच्यामुळे स्पष्ट होते: माश्यांच्या या वागण्याची. मध जास्त देणारी किंवा नुसती जगून राहिलेली पेटी म्हणजे प्रतिकारक पेटी, असे समीकरण मांडू नये.

आपल्यासारख्यांना दिलासा देणारी गोष्ट अशी, की हा गुण थोडा-थोडा साठत जाणारा आहे. निवडलेल्या राणीची मुलगी बाहेरच्या नरांशी फळली, तरी तिच्या वसाहतीत त्याचा काही अंश उतरतो आणि कोळ्यांची वाढ मंदावते. खरी अडचण नरांची आहे. राणी हवेत उडत असताना दहा-वीस नरांशी मीलन करते, आणि ते कोणाच्या पेटीतले हे आपल्या हाती नसते. यावर साधा उपाय म्हणजे निवडलेल्या पेट्यांत नरांच्या घरांच्या चौकटी देऊन परिसरात आपल्याच नरांची गर्दी करणे. नर निषेचन न झालेल्या अंड्यातून जन्मतो, त्याचा सारा वारसा आईकडूनच येतो. त्यामुळे राणी कोणाशी फळली आहे याला नरांच्या बाबतीत महत्त्व उरत नाही. मात्र एकाच राणीच्या मुली आणि तिचेच नर, असे चक्र चालवू नये. त्यातून द्विगुणित नर (निषेचन झालेल्या अंड्यातून चुकून होणारे नर) निपजतात, कामकरी माश्या त्या अळ्या खाऊन टाकतात, आणि पोळ्यावर जागोजागी रिकामी घरे दिसू लागतात.

कोषनिरीक्षक

औषध सरसकट बंद करण्याच्या सल्ल्याबद्दल लिहितो. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर हाच प्रयोग 1999 मध्ये सुरू झाला. एकाकी जागी दीडशे वसाहती उपचाराविना सोडल्या, आणि पहिल्या तीन वर्षांत ऐंशी टक्क्यांहून अधिक मेल्या. उरलेल्यांतून टिकाऊ माश्या मिळाल्या हे खरे, पण त्या वसाहती आकाराने लहान राहतात, आणि तो तोटा सोसायला तिथे संशोधन संस्था होती. पेट्या भाड्याने देऊन संसार चालवणाऱ्याला हे परवडणार नाही. शिवाय कोसळणाऱ्या पेटीतला मध लुटायला आसपासच्या माश्या येतात आणि जाताना कोळी घेऊन जातात. म्हणजे आपल्या प्रयोगाची किंमत शेजारीही मोजतो.

त्यापेक्षा मोजमाप ठेवावे. अर्धी वाटी माश्या (साधारण तीनशे भरतात) जाळीच्या झाकणाच्या बरणीत घेऊन पिठीसाखरेत घोळवाव्यात आणि गळालेले कोळी मोजावेत. राणी त्यात येणार नाही एवढे पाहावे. शंभर माश्यांमागे तीन कोळी झाले, की त्या पेटीला उपचार द्यावा आणि पुढे तिची राणी बदलावी. एकदाच्या आकड्यावर जाऊ नये; हंगामाच्या सुरुवातीपासून अखेरपर्यंत वाढ किती झाली, ते पाहावे.

माळावरची

स्वच्छतेच्या गुणाची, म्हणजे माश्या मेलेले कोष किती लवकर बाहेर काढतात याची, चाचणी गावातही होऊ शकते. झाकलेल्या कोषांच्या भागावर धातूची नळी रोवून तीत द्रव नायट्रोजन ओततात. गुरांचे कृत्रिम रेतन करणाऱ्यांकडे तो असतोच. हातमोजे आणि चष्मा वापरावा. गोठून मेलेल्या कोषांपैकी पंचाण्णव टक्के चोवीस तासांत काढून टाकणारी, आणि दुसऱ्या चाचणीतही तेच करणारी वसाहत निवडावी. ही पद्धत अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात मधमाशी-संशोधक मार्ला स्पिव्हाक यांनी राबवली. नायट्रोजन नसेल, तर पोळ्याचा तुकडा कापून घरच्या फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवून परत बसवावा. मात्र मेलेला कोष काढणे आणि कोळी लागलेला जिवंत कोष ओळखणे, ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. त्यामुळे या चाचणीत उत्तीर्ण झालेली पेटी पिठीसाखरेच्या मोजणीतही कमी कोळी दाखवते का, ते पडताळावे.

डाळिंबवाला, सांगोला

सर्वांचे आभार. एक शंका उरते: व्हरोआला नरांची घरे अधिक आवडतात, मग नरांच्या चौकटी देणे म्हणजे कोळ्यांनाच आमंत्रण नव्हे का?

रानमध

शंका रास्त आहे. म्हणून या चौकटी फक्त मोजणीत कोळी कमी आलेल्या, निवडलेल्या पेट्यांतच द्याव्यात. इतर पेट्यांतील नरांची झाकलेली घरे माश्या बाहेर पडण्यापूर्वीच कापून काढावीत. त्याने कोळीही घटतात आणि नको असलेले नरही. आणखी एक सावधगिरी. आपल्याकडे आग्या माशीवरचा ट्रॉपिलीलॅप्स कोळीही मेलिफेरात शिरतो. तो व्हरोआपेक्षा लहान, लांबट आणि चपळ असतो. व्हरोआसाठी निवडलेली माशी त्यालाही आवरेल, असे गृहीत धरू नये. तो प्रौढ माशीवर फार दिवस तग धरत नाही, त्यामुळे राणी काही काळ पिंजऱ्यात ठेवून पोळ्यातील अंडी-अळ्या खंडित केल्यास आटोक्यात येतो. पेट्या राजस्थानाहून परतल्यावर झाकलेली काही घरे उघडून दोन्ही कोळ्यांची वेगवेगळी नोंद ठेवावी, आणि राण्यांची निवड त्यानंतरच करावी.