28 पोरं उरली म्हणून अख्खा सीझन बंद?? छोट्या कॉलेजांचं अमेरिकन फुटबॉल

भाच्याचा_मामा:
मंडळी, भाचा यंदा आयोवातल्या एका छोट्या कॉलेजात फुटबॉल खेळतोय (आपला नाही, त्यांचा, हेल्मेटवाला). तो सांगत होता की 2019 मध्ये तिथल्याच ग्रिनेल कॉलेजने तीन मॅचनंतर सीझनच गुंडाळला, कारण फिट अशी 28च पोरं उरली होती. मैदानात तर 11च लागतात ना? आणि पोरं कमी पडतात तर स्कॉलरशिप देऊन आणायची की.

मिडवेस्टवाला:
एका वेळी 11, बरोबर. पण ऑफेन्सचे वेगळे, डिफेन्सचे वेगळे, वर किक आणि पंटला (हातातून सोडून मारलेली लांब किक) आणखी. त्यात लाइनवरचा, म्हणजे पुढे समोरासमोर भिडणारा धिप्पाड गडी लंगडत बाहेर गेला की त्याच्या जागी पास झेलणारा काटकुळा रिसीव्हर उभा करता येत नाही हो, चिरडतील त्याला. ग्रिनेलकडे मुळातच 39 होते, बाकीच्या टीम शंभरीच्या घरात असतात. बदली नसली की तेच पोरगं दमून चौथ्या क्वार्टरला टॅकल मारायला (बॉलवाल्याला धरून पाडायला) जातं, मान चुकीची पडते आणि डोक्याला मार बसतो. तिन्ही मॅच हरले होते हे खरं, पण मुद्दा तो नव्हताच, पुढे खेळण्यात धोका आहे हे पोरांनाच पटलं होतं. नंतर टीम परत उभी राहिली, आजही खेळतात.

फी_भरून_थकलेला:
स्कॉलरशिपचं विसरा, डिव्हिजन थ्रीत (ही असली छोटी कॉलेजं खेळतात ती पातळी) खेळासाठी एक डॉलर देता येत नाही. मार्कांवर किंवा घरच्या परिस्थितीवर जी मदत मिळेल तेवढीच. आता गंमत बघा, शंभर पोरं फुटबॉलसाठी आली म्हणजे शंभर फिया आल्या, म्हणून कित्येक छोटी खाजगी कॉलेजं टीम फुगवतात, काही तर नव्याने सुरू करतात. ग्रिनेलला ती गरजच नाही, त्यांच्या ट्रस्टवर वॉरन बफे होते, इंटेलवाले रॉबर्ट नॉइस तिथलेच विद्यार्थी, पैसा बक्कळ. उलट ॲडमिशन इतकी कडक की मार्कही आहेत आणि लाइनवरही उभा राहील असा पोरगा कोचला सापडणार कुठून?

जॉनीज_फॅन:
सगळी छोटी कॉलेजं अशी रडकी नसतात राव 😄 मिनेसोटात सेंट जॉन्स म्हणून बेनेडिक्टाइन साधूंचं कॉलेज आहे, तिथे जॉन गॅग्लियार्डी 1953 ते 2012 कोच होते. करिअरमध्ये 489 विजय, कॉलेज फुटबॉलमध्ये एवढे कोणाचेच नाहीत. आणि हा माणूस प्रॅक्टिसमध्ये टॅकल करूच द्यायचा नाही! शिट्टी नाही, कोच म्हणायचं नाही, सरळ जॉन म्हणा. आठवडाभर पोरं आपसात आदळत नाहीत, मग शनिवारी फिट असतात, एवढं साधं गणित. 2003च्या डिव्हिजन थ्रीच्या फायनलला त्यांनी ओहायोच्या माउंट युनियनला 24-6 हरवलं, तेव्हा माउंट युनियन सलग 55 मॅच जिंकून आलेली टीम होती.

भाच्याचा_मामा:
हे भारी आहे. बहीण रोज फोनवर विचारते लागलं तर नाही ना, तिला काय सांगू?

मिडवेस्टवाला:
तिला म्हणावं स्कोअर सोडा, भाच्याला दोनच गोष्टी विचारा, तुझ्या जागेवर मागे बदली किती आहेत आणि आठवड्यात फुल टॅकलची प्रॅक्टिस किती वेळा होते. आणि डोकं गरगरलं तर लपवायचं नाही, लगेच ट्रेनरला (टीममधला दुखापती बघणारा माणूस) सांगायचं.