पोरांच्या बॉलने समोरच्या गाडीची काच फुटली, भिंत आमची म्हणून भरपाई आम्हीच द्यायची का?

रोहाऊसवाला_नाशिक
नमस्कार मंडळी, पाथर्डी फाट्याजवळ आमचं रो हाऊस आहे. गल्लीतली सात-आठ पोरं रोज संध्याकाळी आमच्या गेटसमोर क्रिकेट खेळतात, स्टंप म्हणजे आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर विटेच्या तुकड्याने ओढलेल्या तीन रेघा. एरवी टेनिस बॉल असतो पण रविवारी एकाने मोठ्या भावाच्या किटमधला सीझन बॉल, म्हणजे कडक लेदरचा, आणला आणि समोरच्या काकांच्या गाडीची पुढची काच गेली, वायपरच्या वर रुपयाएवढा खड्डा आणि तिथून सगळीकडे चिरा. गॅरेजवाला ७,५०० म्हणतो. काकांचं म्हणणं भिंत तुमची, स्टंप तुम्ही काढू दिले, तुम्ही भरा. माझा मुलगा फिल्डिंगला होता, शॉट मारला बॉल आणणाऱ्यानेच, तो ९ वर्षांचा, त्याच्या घरचे म्हणतात लहान लेकरू आहे, त्याला काय कळतंय. माझ्या आईला रात्री दोन वाजता दवाखान्यात नेलं होतं ते काकांनी ह्याच गाडीतून, म्हणून फार जिवाला लागलंय.

कोर्टकचेरी
भिंतीच्या मालकीचा संबंध नाही. खेळ रस्त्यावर चालू होता, तुम्ही भरवला नव्हता. आपल्याकडे नुसते आईबाप आहेत म्हणून पोराच्या चुकीचे पैसे त्यांच्यावर लागत नाहीत, त्यांचा स्वतःचा हलगर्जीपणा दिसला तर लागतात. त्यामुळे खरा प्रश्न हा की सीझन बॉल ९ वर्षांच्या पोराच्या हाती कसा लागला आणि घरच्यांना माहीत होतं का. पोलिसात जाऊन उपयोग नाही, मुद्दाम केलेलं नाही, शिवाय भारतीय न्याय संहितेच्या (गुन्ह्यांचा कायदा) कलम २० ने सात वर्षांखालचं मूल गुन्हेगार ठरतच नाही आणि कलम २१ मध्ये सात ते बारा वयात समज किती होती ते बघतात.
पण एक सांगतो, इंग्लंडमध्ये १९५१ साली बोल्टन विरुद्ध स्टोन अशी केस झाली, मैदानातला बॉल रस्त्यावरच्या बाईंना लागला तरी क्लब सुटला, कारण तीस वर्षांत बॉल जेमतेम सहा वेळा बाहेर गेला होता. तुमच्या गल्लीत बॉल रोज गाड्यांवर बसत असेल तर हा बचाव कुणालाच मिळणार नाही. रेघा आजच पुसा.

पॉलिसीवाली_ताई
काकांची पॉलिसी आधी बघा. नुसती थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरती असेल तर काचेचं काही मिळत नाही. फुल इन्शुरन्स असेल तर काचेवर घसारा (जुनी झाली म्हणून होणारी कपात) कापत नाहीत, गाडी १५०० सीसीपर्यंतची असेल तर पहिले १,००० रुपये काकांचे. पण क्लेम घेतला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, जातो, पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्के असतो, म्हणजे पुढच्या प्रीमियमला फटका बसणार, तो धरून हिशोब करा. क्लेम घ्यायचाच असेल तर सर्व्हेअर (नुकसान तपासणारा माणूस) येईपर्यंत काच बदलू नका. आणि तसल्या काचेने गाडी चालवू देऊ नका हो, एका खड्ड्यात चीर आरपार जाते.

कोल्हापूरकर_७१
आमच्या गल्लीत असंच झालं तेव्हा खेळणाऱ्या सगळ्या घरांनी सारखे पैसे काढले. कायदा काही म्हणू दे, खेळ सगळ्यांचा होता.

रोहाऊसवाला_नाशिक
कोल्हापूरकर, सगळ्यांना सारखे कसे, टेनिस बॉलने खेळणाऱ्यांचा काय दोष? काल बसलो एकत्र. काकांचा बोनस ५० टक्क्यांवर आहे म्हणून क्लेम नको ठरलं. बॉल आणला त्या घराने ४,५०० दिले, बाकीचे ३,००० आम्ही सहा घरांनी ५००-५००. काका आधी घेतच नव्हते, त्यांच्या खिशात कोंबावे लागले. रेघा मुलानेच ओल्या फडक्याने पुसल्या. आता पोरं गल्लीच्या टोकाच्या रिकाम्या प्लॉटवर खेळतायत. कोर्टकचेरी साहेब, प्लॉटचा मालक पुण्याला असतो, फोनवर हो म्हणालाय, उद्या तिथून कुणाची काच फुटली तर त्याच्यावर येईल का? लेखी काही करून ठेवावं का?