मदत हवी आहे: गाडीवरचे झाडाचे डाग निघत नाहीत

सावलीतली_गाडी
गाडी झाडाखाली उभी असते. बॉनेट आणि टपावर चिकट डाग बसलेत. दोनदा धुतली, ढिम्म हलत नाहीत. शनिवारी गिऱ्हाईक बघायला येणार आहे. काय लावू तेवढं सांगा, प्लीज लवकर.

चाकपान्हा
झाड कुठलं? डाग काळे, पिवळे की जांभळे? किती दिवसांचे? रंग कंपनीचा आहे की नंतर मारलेला? हे कळेपर्यंत काहीही लावू नका.

जुनं_डिझेल
एवढी उलटतपासणी कशाला! फडक्यावर थिनर घ्या, दोन मिनिटांत साफ.

चाकपान्हा
डागाबरोबर रंगही साफ. कंपनीत भट्टीत भाजलेला रंग एखादा हात सोसेल, पण गॅरेजमध्ये मारलेला मऊ पडून फडक्याला येतो. शिवाय हेडलाइटची ‘काच’ पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकची असते. तिला थिनर लागलं की केसासारख्या चिरा पडतात.

सावलीतली_गाडी
आंबा आहे. बारीक ठिपके, काही काळे पडलेत. बॉनेटवर चार-पाच जाड पिवळट थेंब. गाडी पांढरी.

कलमवाला
मोहोर आलाय ना? मग ठिपके म्हणजे चीक नव्हे, तुडतुड्यांचा चिकटा. तुडतुडे मोहोरातला रस शोषतात आणि गोड पाणी खाली टाकतात, त्यावर काळी बुरशी धरते. सगळा साखरेचा मामला, कोमट पाण्यात विरघळतो. पण भिजायला वेळ द्यावा लागतो. वरवर बादली ओतून लगेच पुसलंत तर नुसता फासला जातो. सावलीत, बॉनेट गार असताना, ओला टॉवेल 10 मिनिटं पसरून ठेवा. मग कार शाम्पू.

अळूची_वडी
फणसाच्या चिकाला खोबरेल तेल. हमखास!

सावलीतली_गाडी
फणस नाहीये हो. पिवळ्या थेंबांचं काय?

चाकपान्हा
तो खरा डिंक असणार. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे असतं. निम्मं पाणी घाला. आधी दाराच्या आतल्या कडेला लावून बघा, रंग फडक्यावर आला तर तिथेच थांबा. नाही आला तर कापसाचा बोळा भिजवून थेंबावर 30 ते 60 सेकंद नुसता ठेवा, घासू नका. डिंक मऊ झाला की उचलायचा, दर वेळी नवा बोळा. नखाने किंवा ब्लेडने खरवडलंत तर डाग जाईल, ओरखडा राहील. उरलंच काही तर भरपूर शाम्पूच्या पाण्यात क्ले बार, म्हणजे चिकटलेली घाण उचलणारी मऊ वडी, फिरवा. शेवटी धुऊन वॅक्स, कारण अल्कोहोलने जुनं वॅक्स निघून जातं.
आणि रंगाचं उत्तर राहिलं.

जुनं_डिझेल
सगळ्याच्या मुळावर घाव घाला. फांदीच तोडा.

कलमवाला
शहरात नुसती छाटणी करायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, 1975 चा कायदा आहे. गाडी दहा फूट पुढे लावणं स्वस्त पडेल.

बोअरचं_पाणी
काचेवरच्या क्षाराच्या डागांना पांढरं व्हिनेगर, निम्मं पाणी घालून.

सावलीतली_गाडी
काच कोण विचारतंय? ठिपके टॉवेलने गेले, कलमवाल्यांचे आभार. पण टपावर एक अंधुक गोल खळगा दिसतोय.

चाकपान्हा
ती पक्ष्याची विष्ठा. त्यातलं युरिक आम्ल आणि वरून ऊन, दोघांनी मिळून क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, खाल्लाय. हा डाग नाहीच, झीज आहे, कुठल्याही द्रावणाने जायचा नाही. नख अडकत नसेल तर बारीक पॉलिशने फिका होईल. क्लिअर कोट जेमतेम 40-50 मायक्रॉनचा असतो, म्हणून रबिंग कंपाऊंड, म्हणजे थर घासून काढणारं खरखरीत पॉलिश, हातात घेऊन सुटू नका.

सावलीतली_गाडी
एक सांगायचं राहिलं. बॉनेट मागच्या वर्षी मारून घेतलंय. मघाशी थिनरही थोडं लावून बघितलं. निळं फडकं पांढरं झालं.

जुनं_डिझेल
मारलेल्या रंगावर नाही म्हणालो मी!

कलमवाला
कंपनीच्या रंगावर, असंही नव्हता म्हणालात.

चाकपान्हा
हात काढा. वर क्लिअर नसलेला, साधा पांढरा रंग दिसतोय. पुसू नका, धुऊही नका, उन्हात लावू नका. दिवसभर सावलीत राहू दे, थिनर उडून रंग परत कडक होईल. मग जिथे चमक गेली तिथे हलकं पॉलिश, हाताने, मशीन नको. डिंकाच्या थेंबांना तोवर शिवू नका.
आणि बॉनेट मारलंय हे गिऱ्हाइकाला आपणहून सांगा. जाडी मोजायचं गेज घेऊन आला तर बाकी गाडीवर शंभर-सव्वाशे मायक्रॉन आणि बॉनेटवर अडीचशे दिसेल, मग टपावरच्या खळग्याकडे कोण बघतंय!